साहेब कुठल्या डब्यात?

मास्तरांनी आयुष्यात एकही लांब इंग्रजी शब्द सलग उच्चारला नाही, असं लोणावळ्यात म्हटलं जाई. हे खरं नाही. दुपारच्या झोपेत ते सलग बोलत. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ते ऐकलेलं होतं. जागेपणी मात्र लांब शब्द समोर आला की मास्तर तो आधी सोडवत, तुकडे बाजूबाजूला मांडत आणि सगळे हजर असल्याची खात्री झाल्यावर पुन्हा जोडत. तोवर समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असे.

मी तेव्हा पुण्याच्या एका पत्राचा लोणावळ्यातला बातमीदार होतो आणि मास्तरांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. घाटात विजेची इंजिनं अजून यायची होती. मास्तर इंग्रजी शाळेत शिकवत. घर स्टेशनच्या यार्डाला लागून होतं. यार्डात काही हललं की मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजत आणि काकू हातातलं काम न सोडता सांगत, "मालगाडी आहे." किंवा, "पॅसेंजर." त्या चुकल्याचं मला आठवत नाही.

मास्तरांना लांबून ओळखायची खूण म्हणजे हनुवटीखाली आडवा धरलेला हात. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा हातावर टेकेल तितके त्याचे तुकडे, हा त्यांचा नियम. बाजारातून जाताना दिसेल त्या पाटीवर ते हा प्रयोग करत. धुक्याच्या दिवसांत पाटी दिसत नसे. मास्तर तेवढे दिसत, हनुवटी हातावर आपटत चाललेले. एका वैद्यांनी कळवळून लवंगेचं तेल पाठवलं. मास्तरांनी बाटली परत केली आणि सोबत निरोप दिला, की दात उत्तम आहेत. 'सॅनिटोरियम' पाच डब्यांची निघाली, म्हणून उशीर झाला.

तुकड्यांना ते डबे म्हणत. त्यांच्या मते मराठी शब्द ही सगळी तिसऱ्या वर्गाची गाडी होती. सगळे डबे सारखे, सगळ्यांना सारखी जागा. लांब इंग्रजी शब्दाला मात्र एक डबा पहिल्या वर्गाचा असतो आणि त्यात साहेब बसलेला असतो. साहेब पाय पसरतो आणि मोठ्याने बोलतो. बाकीच्या डब्यांतली माणसं दाटीवाटीने बसतात आणि दबून बोलतात; म्हणून गोरा माणूस बोलू लागला की आपल्याला निम्मा शब्द ऐकूच येत नाही. साहेब कुठल्या डब्यात आहे ते ओळखलं, की इंग्रजी आलं.

"साहेब शोधायला इंजिनाकडून जाऊ नका," ते सांगत. "मागून या. शेवटी 'शन' असेल, तर साहेब बरोबर त्याच्या आधीच्या डब्यात. 'इटी' असेल, तरी तेच. 'अन', 'इन', 'डिस' हे पुढे जोडलेले डबे. त्यांत साहेब सहसा बसत नाही. तिथे धूर येतो."

बाजारातल्या फोटोवाल्याला त्यांनी एकदा त्याच्याच पाटीखाली उभं केलं होतं. "हा तुझा 'फोटोग्राफ'. साहेब पहिल्या डब्यात. मागे 'ई' जोडून 'फोटोग्राफी' कर. साहेब उठला, दुसऱ्या डब्यात गेला. 'ई'च्या जागी 'इक' लाव. तिसऱ्यात! डबे तेच, गाडी तीच. तुझा साहेब कायम फिरतीवर आहे."

"असू द्या मास्तर," फोटोवाला म्हणाला. "पण पाटी मी रंगवून घेणार नाही."

घरात याचा जाच आमटीतून पोचे. काकूंनी शेवग्याच्या शेंगा सारख्या कापलेल्या मास्तरांना चालत नसत. एक तुकडा लांब पाहिजे. जेवायला बसले की ते तुकडे ताटाच्या कडेने ओळीत लावत, लांब तुकडा योग्य जागी ठेवत आणि एक शब्द जुळवून मगच पहिला घास घेत. लांब तुकडा शेवटी खात. मला आमटी वाढताना काकू विचारत, "तुम्हाला साहेब हवाय, की रयत चालेल?"

गेनूभाऊ या घरात आला तो याच सुमारास.

गेनू आंदर मावळातला. घाटात खंडाळ्याच्या खाली सांधेवाला होता. त्याचं काम सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. घाटात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती पळत सुटते. अशा गाडीसाठी मुख्य रुळांतून एक फाटा काढून तो डोंगरावर चढवलेला होता. पळती गाडी त्यावर चढून आपोआप थांबावी म्हणून. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असे. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने तिथे यायचं, पुरतं थांबायचं आणि शिटी द्यायची. मगच सांधेवाला सांधा बदलून तिला मुख्य रुळावर सोडी. मेल असो की मालगाडी, थांबली नाही तर डोंगरात. गेनूचं सगळं तारुण्य असं शिटीची वाट बघण्यात गेलं होतं.

राहायला रुळाच्या कडेला एक खोपटी होती. त्यात एक माणूस मावे. बायको सगुणा आणि मुलगी ठकी गावी, डोंगरापलीकडे. भात लावणीला आणि कापणीला तो घरी जाई. एरवी सगुणाच पायी कामशेतपर्यंत येऊन गाडीने लोणावळ्याला येई आणि नवऱ्याला स्टेशनवर भेटून परत जाई. मालगाडीच्या गार्डाला लोणावळ्यात क्वार्टर मिळत असे. दोन खोल्या, परसात नळ, शाळा चालत जाण्यासारखी. गेनूला गार्ड व्हायचं होतं ते या दोन खोल्यांसाठी. कामाची सगळी परीक्षा तो पास झाला होता. राहिली होती एक: नियमांच्या इंग्रजी पुस्तकातला एक ठरलेला उतारा अधिकाऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यात तो एकदा नापास झालेला होता आणि यंदाची संधी शेवटची होती.

"छोटे शब्द मारतो मी," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "पर ते लांबडे आले की अंगावर येत्यात, मास्तर."

"लांब शब्द नसतोच," मास्तर म्हणाले. "जोडलेला असतो. तू आयुष्यभर गाड्या बघतोस आणि घाबरतोस कुणाला?"

इतका मनाजोगता विद्यार्थी मास्तरांना शाळेत कधी मिळाला नव्हता. डबे, जोड, मागून पुढे तपासणी, सगळं गेनूला एका बैठकीत कळलं. एक-दोन डब्यांचे शब्द म्हणजे ट्रॉली; त्या न थांबता सोडायच्या, हेही ठरलं. मग मास्तरांनी शेवटची सूचना दिली: "आणि हे बघ, साहेबाच्या डब्याआधी किंचित थांबायचं. म्हणजे तो उठून दिसतो."

गेनूने पुस्तक धरलं. "क-म्यू-नि," आणि थांबला.

"शाबास. पुढे?"

गेनूने बोट 'नि'वरच ठेवलं आणि कान यार्डाकडे लावला.

"अरे, पुढे 'के', मग 'शन'. तुला येतंय की!"

"येतंय. पर शिटी न्हाई झाली."

"कसली शिटी?"

"तुमीच म्हणला, सायबाच्या डब्याआधी थांबायचं. थांबलो. आता शिटी झाल्याबिगर सोडू कसा? पळती असली म्हंजी?"

दुसरा कुणी असता तर हसून म्हणाला असता, की बाबा, इथे शिटीचा संबंध नाही. मास्तरांचे डोळे चमकले. ते उठून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "अहो बातमीदार, इतकी वर्षं माझ्या पद्धतीत काहीतरी कमी होतं. आज सापडलं." संध्याकाळी ते एका निवृत्त गार्डाकडून जुनी शिटी घेऊन आले.

यानंतरच्या शिकवण्या यार्डापर्यंत ऐकू जात. "ऑ-" शिटी. "थॉ-रि-टी." "रि-स्पॉन-सि-" शिटी. "बि-लि-टी." गेनूचं वाचन खरोखर सुधारलं. साहेब एकदाही चुकीच्या डब्यात सापडेना. सगुणा एकदा कामशेतहून तशीच मास्तरांच्या घरी आली, काकूंसाठी पदरात आंबेमोहोर तांदूळ घेऊन, आणि ओट्याशी बसून ऐकत राहिली.

"मास्तरीणबाई, त्यो सायेब शब्दात बसतोच कशाला?"

"म्हणजे शब्द ऐकू येतो म्हणे."

"आमच्या बोलन्यात कुनीच बसत न्हाई," सगुणा म्हणाली. "तरी पार डोंगरापलीकडं ऐकू जातंय."

काकू हसल्या, पण त्यांचं सोसणं संपत आलं होतं. "शब्द मोडत होतात तोवर मी गप्प बसले," त्या मास्तरांना म्हणाल्या. "आता शिट्या. उद्या कंदील नि झेंडेही आणा. मी माहेरी निघाले की गाडी माजघरातूनच सुटेल." आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जेवायला वाढताना त्यांनी सहज विचारलं, "बरं, तिकडे परीक्षेत शिटी कोण वाजवणार?"

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं. शब्द जुळवलेला होता. त्यांनी लांब तुकडा उचलला आणि सगळ्यांच्या आधी तोच तोंडात घातला. ते असं करताना मी प्रथमच पाहत होतो.

सवय मोडायचे प्रयत्न झाले. शिटीऐवजी टिचकी वाजवली; गेनू हलला नाही. टाळी वाजवली, त्याने दाराकडे पाहिलं. मास्तर खोकले, त्याने उठून त्यांना पाणी आणून दिलं. "नुसतं मनात शिटी झाली असं समज," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले.

"मनातल्या शिटीवर गाडी सोडली तर मानसं मरत्यात, मास्तर," गेनू म्हणाला. त्याचंही तोंड उतरलं होतं. "मला बी कळतंय. पर हात उचलत न्हाई तशी जीभ उचलत न्हाई. क्वार्टर काय आमच्या नशिबात दिसत न्हाई."

परीक्षा साहेबाच्या सलूनमध्ये होती. सलून म्हणजे अधिकाऱ्याचा राहण्याचा डबा. तो यार्डात एका बाजूला उभा केलेला होता. सकाळी मास्तर कोट घालून निघाले आणि मला म्हणाले, "चला. काही विपरीत झालं तर बातमी तरी नीट लागेल." सलूनच्या पलीकडच्या अंगाला, उघड्या खिडकीखाली, आम्ही उभे राहिलो. मास्तरांच्या मुठीत शिटी होती. थांबलेल्या प्रत्येक शब्दाला बाहेरून हळूच एक शिटी द्यायची, यार्डात शिट्या वाजतच असतात, कुणाला काय कळणार, असा बेत होता. बेतात एक त्रुटी होती. साहेबाला लगेच पुण्याकडे जायचं असल्यामुळे सलूनला इंजिन लावून ठेवलेलं होतं आणि ड्रायव्हर गार्डाच्या शिटीची वाट बघत होता.

आत काय झालं ते मला नंतर साहेबाच्या हेडक्लार्कने सांगितलं. त्याची आणि गेनूची हकिकत जिथे जुळत नाही ती ठिकाणं मी गाळली आहेत. साहेब चहा घेत होता. टेबलावर गार्डाचं सामान मांडलेलं होतं: लाल झेंडा, हिरवा झेंडा, कंदील, शिटी. गेनूने उतारा सुरू केला. ट्रॉल्या भराभर गेल्या. मग आला 'रिस्पॉन्सिबिलिटी'.

"रि-स्पॉन-सि," आणि गेनू थांबला.

खिडकीखाली मास्तरांनी शिटी फुंकली.

"बि-लि-टी!" आतून गेनूचा आवाज आला, आणि सलून चालू लागलं.

मास्तरांनी त्या क्षणी दोन गोष्टींतून एक निवडली. ओरडून गाडी थांबवता आली असती. पण आत गेनू "ऑ" म्हणून अडला होता. मास्तर खिडकीच्या बरोबरीने धावू लागले आणि धावता धावता त्यांनी शिटी दिली. "थॉ-रि-टी!" गेनू म्हणाला. ड्रायव्हरला वाटलं, गार्ड घाई करतोय. त्याने वेग वाढवला. मास्तरांनीही वाढवला. 'कम्युनिकेशन' त्यांनी असं धावत पार करून दिलं. त्यापुढे सिग्नलची तार जमिनीलगत गेलेली होती. तिच्यात त्यांच्या धोतराचा सोगा अडकला. सिग्नल पडला नाही. धोतर निम्मं पडलं.

सलून पुढे गेलं. शिट्या बंद झाल्या तशी ड्रायव्हरने गाडी यार्डाच्या टोकाला नेऊन थांबवली. आम्ही तिथपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मास्तर रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरच्या एका ढिगावर बसले. एका हातात सोगा, दुसऱ्यात शिटी.

"कुठल्या शब्दावर असेल हो तो?" त्यांनी विचारलं. "'प्रिकॉशन'वर," त्यांनीच सांगितलं. "'प्रि' म्हणून थांबला असेल. बसलाय बिचारा तोंड उघडं ठेवून. तुम्ही वाजवून बघता का? तुमची छाती जरा बरी आहे." मी वाजवली. इतक्या लांब ती पोचण्यासारखी नव्हती.

आत गेनू 'प्रि'वर थांबलेला होता. साहेबाचा चहा बशीत सांडला होता. "गो ऑन," साहेब म्हणाला. साहेबाने हेडक्लार्ककडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि निकालाच्या कागदाकडे हात नेला. हेडक्लार्क म्हणतो, की गेनू त्या हाताकडे बघत होता. मग त्याची नजर टेबलावर गेली. सांधेवाल्याने शिटी ऐकायची असते, वाजवायची नसते. वाजवायची गार्डाने. टेबलावरची शिटी गार्डाची होती आणि परीक्षाही गार्डाचीच चालली होती. गेनूने हात पुढे केला, शिटी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः वाजवली.

"कॉ-शन!"

सलून पुन्हा हललं.

ढिगावर बसलेल्या मास्तरांनी ती ऐकली. त्यांनी आधी स्वतःच्या हातातली शिटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ही माझी नव्हे," ते म्हणाले. थोड्या वेळाने आणखी एक आली. मग आणखी एक, आणखी लांबून. मास्तरांनी हात हनुवटीखाली धरला आणि प्रत्येक शिटीनंतर राहिलेले डबे पुरे करत बसले. शेवटची शिटी फाटकाच्याही पलीकडून आली. "संपला उतारा," ते म्हणाले. "साहेब सगळीकडे बरोबर बसला." आणि उभे राहून त्यांनी धोतर नीट केलं.

साहेबाने खाली उतरून ड्रायव्हरला विचारलं, "किसके हुकूम से चलाया?"

"गार्डसाब की शिटी पर, हुजूर."

"कौन गार्डसाब?"

ड्रायव्हरने डब्याच्या दाराकडे बोट केलं. दारात गेनू उभा होता. शिटी अजून तोंडातच होती.

साहेबाने त्याला एवढंच विचारलं, की वाचताना तू थांबत का होतास. गेनू म्हणाला, "साहेब के डिब्बे के पहले रुकना पडता है, हुजूर. बिना शिटी छोडता नहीं." सलून साहेबाचंच होतं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. उच्चार शुद्ध, स्वभाव सावध, आणि ज्याच्या शिटीवर गाडी हलते तो माणूस गार्ड नाही असं म्हणणं अवघड. हेडक्लार्कच्या मते निकालामागे इतकाच विचार होता. पहिली शिटी कुणी दिली याची चौकशी निघाली नाही. मीही ही बातमी पत्राकडे पाठवली नाही. त्या दिवशी आमच्याकडे शेंगांची आमटी झाली आणि काकूंनी सगळेच तुकडे लांब कापले.

क्वार्टर मिळालं ते भात झोडून झाल्यावर. आमच्या घरामागेच, दोन खोल्या, परसात नळ. सगुणा डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन आली, ठकीच्या काखेत कोंबडी होती. काकू ओवाळणीचं ताट घेऊन आधीच आत जाऊन बसल्या होत्या. मास्तर दारात उभे. गेनू नव्या कोटात उंबरठ्यापर्यंत आला आणि थांबला.

मास्तरांनी हनुवटीखाली हात धरून पाहिला. "अरे, 'क्वार्टर'! दोनच डबे. ट्रॉली आहे ही. थांबायचं कारण नाही."

गेनू थांबलेलाच.

"आता हितं कुनाची वाट बघताय?" सगुणा मागून म्हणाली. "मान मोडली माझी. तुमचंच घर हाय न्हवं?"

"व्हय की," गेनू म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून स्वतःची शिटी काढली, एकदा वाजवली आणि उजवा पाय आत टाकला.

आतल्या मांडणीवर सगुणाची भांडी अजून लागायची होती. काकूंच्या हातातल्या ताटात निरांजन तेवढं हळदीकुंकवाच्या वाटीवर वाजू लागलं. काकूंनी मान वर केली नाही.

"मालगाडी आहे," त्या म्हणाल्या.